म्युझियमसमोरच्या फल्च्यात कोण बसतं

मंगलबजार, ललितपुर, नेपाळ
भदौ २१

न्हुजा,

तीन वर्षांनी तुझं पाकीट आलं. हात पुसले, चष्मा शोधला, दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून उघडलं. आत काय, तर एक छापील कागद आणि चार ओळी. 'ताता, म्युझियमसमोरच्या चौकाचं काम आमच्या ऑफिसकडे आलंय. आपल्या दुकानाच्या माडीवरून सगळं दिसतं. लोक कुठे बसतात, किती वेळ, कशासाठी, ते बघून लिहून पाठव. बांना सांगू नकोस.' ताता, कशी आहेस, नाही. सण जवळ आला, काय करणार आहात, नाही. लोक कुठे बसतात म्हणे! अरे, लोक बुडावर बसतात. आणखी काय लिहू?

तरी लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस. बूढानीलकण्ठ काही सात समुद्रापलीकडे नाही, टॅक्सीवाला तासाभरात सोडतो, पण तुझ्या दारात येऊन उभी राहीन एवढी मी अजून निर्लज्ज झालेले नाही. आणि भावाच्या हातचा कागद आल्यावर गप्प बसण्याइतकी शहाणीही नाही.

तुझ्या छापील कागदावर चार रकाने आहेत: विसावा, व्यापार, वाट बघणे, इतर. पहिल्याच सकाळी माझी पंचाईत झाली. हितीच्या दगडी धारेवर पाणी भरायला आलेल्या बायका घागर भरली तरी हलत नाहीत. घागर पायरीवर टेकवतात आणि दुसरीच्या सुनेची चामडी सोलतात. हा विसावा की व्यापार? म्युझियमच्या दारातल्या दगडी सिंहावर पोरं चढतात, पहारेकरी शिट्टी मारतो, पोरं उतरतात, त्याची पाठ वळली की पुन्हा चढतात. पहारेकऱ्यालाही त्यात मजा येते, नाहीतर तो सारखी पाठ कशाला वळवेल? कॉलेजातली जोडपी एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि फोनवर एकमेकांशीच बोलतात. तिकीट काढून आत गेलेले पाहुणे बाहेर आले की आधी आभाळाकडे बघतात, मग स्वतःच्या पायांकडे, आणि जागा दिसेल तिथे मटकन बसतात. आतले देव बघून दमलेल्या माणसाला बाहेर फक्त टेकायला जागा हवी असते. मी सगळ्यांना 'इतर'मध्ये घातलं.

म्हातारी माणसं उन्हाबरोबर सरकतात. सकाळी म्युझियमच्या भिंतीला लागून असतात, दुपारी देवळांच्या पायऱ्यांवर सावलीला, आणि संध्याकाळी आपल्या फल्च्यात. तुझ्या नकाशात त्याला 'निवारा क्रमांक तीन' म्हटलंय. जमीन हलली त्या भुईचालात पडला, कित्येक वर्षं तिथे विटांचा ढीग होता, आणि आई गेली त्या वर्षी बांनी तो पुन्हा उभा केला. तू बघितलेला नाहीस म्हणून सांगते. चार कोरीव खांब, वर कौलं, खाली रुंद फळ्या, तिन्ही बाजू उघड्या. आईच्या नावाने बांधलाय हे सगळ्या टोलाला, गल्लीतल्या घराघराला ठाऊक आहे. जो कुणी येऊन पाठ टेकेल त्याच्या विसाव्याचं पुण्य आईला.

तिथे एक म्हातारा सकाळपासून बसतो. स्वतः झाडतो, फळ्या पुसतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारमारून बसवतो. भाजीवाले, हमाल, पाहुणे, कुणालाही. 'बसा, बसा, इथे कुणाला विचारावं लागत नाही.' घाईत असलेली माणसं वैतागतात. तो कोण, ते तुला सांगायला नकोच.

तुझी ताता


भदौ २८

न्हुजा,

'वैयक्तिक मजकूर नको, निरीक्षणं हवीत.' बरं, साहेब.

निरीक्षण एक. परवा फल्च्याशेजारच्या भिंतीवर एक मोठा रंगीत नकाशा चिकटवला गेला. दसैंचा सण झाला की काम सुरू होणार असं खाली लिहिलं होतं. दिवसभर त्याच्यापुढे माणसं गोळा होती. चित्र सुरेख आहे, हात तुझा आहे हे मी लांबूनच ओळखलं. पण त्यातली माणसं सगळी चालतायत रे! सगळी उंच, सगळी सडपातळ, कुणाच्या पाठीवर डोकोची टोपली नाही, कुणाच्या काखेत पोर नाही. आणि कुणीही बसलेलं नाही. एवढ्या मोठ्या चौकात एकाचेही गुडघे दुखत नाहीत?

फल्च्याभोवती तू तांब्याचे गज दाखवलेस. उंच, छपरापर्यंत. दाराला साखळी. आणि समोर आईच्या नावाची पितळी पाटी: 'स्वर्गीय हेराकेशरी यांच्या स्मृतीस.'

बांनी चष्मा कपाळावर सरकवून, नाक भिंतीला लावून सगळं वाचलं. मी शेजारी उभी.

"हे काय गं?"

"नकाशा आहे, बा."

"ते दिसतंय. हे गज कशाला? आत वाघ ठेवणारेत?"

"कोरीव काम आहे. खराब होऊ नये म्हणून लावत असतील."

"बसण्याने खराब होतं? मग बांधायचं कशाला? कुठल्या गाढवाने काढलाय हा? बसायच्या जागेला कुलूप! त्याला आईबाप आहेत की आभाळातून पडला?"

फल्च्याच्या पायाशी रायोची भाजी घेऊन बसणारी अष्टमाया आहे ना, ती मुळे धुताधुता म्हणाली, "आजु, एवढं ओरडू नका, चक्कर येईल. ती पाटी बघा की. हेराकेशरी दिदीचं नाव घातलंय. कुणी भल्या माणसानेच घातलं असणार."

"भला माणूस गज लावत नाही," बा म्हणाले, आणि दिवसभर त्या गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या सातही आपल्याच आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी जीभ चावून गल्ल्यावर बसले.

आता वैयक्तिक. चालणार नसेल तर पुढचं वाचू नकोस.

तू हे का करतोयस ते मला कळतं. आई गेली तेव्हा तू वर्षभर पांढरं नेसायला हवं होतंस, पंचेचाळिसाव्या दिवशी उतरवलंस. जकार्ताच्या त्या कामासाठी काळा कोट आणि चामड्याचे बूट घालून उभा राहिलास, आणि कुणा शहाण्याने तो फोटो बांना दाखवला. बांनी भर आंगणात, टोलातल्या माणसांपुढे सांगितलं की आजपासून मला मुलगा नाही. तू त्या दिवशी उलट बोलला नाहीस. बॅग उचललीस आणि गेलास. मला तुम्हा दोघांचाही राग आहे, त्यात मी कमीजास्त करत नाही. पण जे कपड्यांनी राहिलं ते तू आता पितळेने भरून काढायला निघालायस. पितळ आपल्या घरात पिढ्यानपिढ्या विकतोय, न्हुजा. त्याने काय भरतं आणि काय नाही, ते मला विचार.

आईला फोटोसमोर फुलं ठेवलेली कधी आवडली नाहीत. ती म्हणायची, त्यापेक्षा कुणाला तरी जेवायला बोलवा. तिच्या नावाची जागा कुणी बसू नये म्हणून जपायची, हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती.

ताता


असोज ३

न्हुजा,

तुझ्या ऑफिसातली दोन माणसं काल मापं घ्यायला आली. टेप, खडू, कॅमेरा. बा फल्च्याच्या मधोमध मांडी घालून बसलेले.

"आजु, जरा उठता का? माप घ्यायचंय."

"माझ्यासकट घ्या."

"तसं चालत नाही, आजु."

"का? नकाशात माणूस बसत नाही वाटतं?"

चौकातली माणसं हसली. ती दोघंही हसली, चांगली होती बिचारी. एकाने बांच्या कडेकडेने खडूच्या खुणा केल्या. दुसरा म्हणाला, "आजु, ऐका ना. न्हुजा सरांनी मापं आजच मागितलीत."

मी माडीच्या खिडकीत होते. मला बांचा चेहरा दिसत नव्हता, टोपीच दिसत होती. ती टोपी हलायची थांबली.

"कोण सर?"

"न्हुजा सर. आमचे आर्किटेक्ट. ते इथलेच आहेत म्हणे, मंगलबजारचे. तुम्ही ओळखत असाल."

बा उठले. टेप जमिनीवर आडवी होती ती ओलांडून बाजूला उभे राहिले. माणसांनी सगळी मापं घेतली, खांबांचे फोटो काढले, जाताना नमस्कार केला. बांनी नमस्कार घेतला नाही, पण शिवीही दिली नाही. अष्टमाया माझ्याकडे वर बघत राहिली.

मी वादळाची वाट बघत होते. तांदळाच्या चतांमरी थापल्या, भांडी आवरली, दुकानाच्या फळ्या लावल्या. बा जेवायला बसले आणि म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"बरं."

एवढंच. ताटातले चिउऱ्याचे कोरडे पोहे बोटाने इकडचे तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "तब्येत कशी आहे त्याची?"

मला वाटलं टोमणा आहे. म्हटलं, "ठीक असेल."

"असेल म्हणजे? बघितलंस का तू त्याला?"

"मी कुठे बघणार, बा? तुम्हीच तर दार लावलंत."

उठून गेले. ताट तसंच. मला चैन पडेना. माडीवर गेले, खाली आले, परत गेले. बा ओरडले असते तर मीही समोर उभी राहून ओरडले असते, तेवढी सवय आहे आम्हाला.

तुझे रकाने कोरे पाठवते आहे. आज मी लोकांकडे बघितलं नाही.

ताता


असोज ८

न्हुजा,

यावेळी काम आहे म्हणून लिहिते. बांना डॉक्टरला दाखवायला हवं. तुझ्या ओळखीचा कुणी असेल तर नाव कळव. भांडण बाजूला ठेव.

मापं घेतली त्या दिवसापासून ते उजाडायच्या आत फल्च्यात जातात. पूर्वी बसल्या जागेवरून हाका मारायचे, आता उठून माणसांना हाताला धरून आणतात. परवा एका पाहुणीचा दंड धरला, ती किंचाळली, पहारेकरी धावत आला. मी खाली जाऊन माफी मागितली. बा मात्र तिला खुणेने सांगतच होते, बस, बस. शेवटी बिचारी बसली. बसल्यावर तिला बरंही वाटलं असावं, कारण बूट काढून पाय चोळायला लागली. बा तिच्याकडे असे बघत होते की जणू तिने घरात लक्ष्मी आणली.

आणि काल बंद होता. कुठल्या पक्षाचा ते विचारू नकोस, आता मीही विचारत नाही. म्युझियम बंद, दुकानं बंद, बस नाही, चौकात चिटपाखरू नाही. अष्टमायासुद्धा आली नव्हती. मी खिडकीतून बघते तर बा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतायत. हितीत डोकावले. देवळांच्या मागे जाऊन आले. बंदोबस्ताचा पोलिस उभा होता, त्याला म्हणाले, "साहेब, जरा टेका." तो म्हणाला, "ड्यूटीवर बसता येत नाही, बाजे." बांनी हात जोडले रे. आपल्या बांनी! भाव पाडायला आलेल्या गिऱ्हाइकापुढे ज्यांना कधी मान वाकवून बोलताना मी बघितलं नाही, ते त्या मिसरूड फुटलेल्या पोलिसापुढे हात जोडून उभे होते. तो अवघडून पुढे निघून गेला.

मग त्यांनी काय केलं, सांगू? चौकातला तो पिवळा लंगडा कुत्रा दोन्ही हातांनी उचलला आणि फल्च्यात नेऊन ठेवला. कुत्र्याने अंग झटकलं आणि तिथेच मुटकुळं करून झोपला. बा त्याच्या शेजारी बसून राहिले.

मी खाली गेले. रागावलेच होते, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "बा, घरी चला. लोक काय म्हणतील? आज नाही कुणी बसलं तर काय बिघडतं?"

"दसैंनंतर बंद होणार ना? मग आत्ताच बसवून घ्यायला हवेत."

"आईला आत्तापर्यंत पुष्कळ पुण्य मिळालं असेल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी झालेय. "तिला कशाला हवंय माझं पुण्य? तिचं तिच्याकडे भरपूर होतं."

आता यातून मी काय समजायचं? वय झालं की असं होतं म्हणतात. तू डॉक्टरचं बघ.

तुझी चिठ्ठी मिळाली. पाटीवरचा मजकूर बिनचूक हवा, म्हणून फल्चा बांधताना संकल्पात काय शब्द होते ते गुरुजूंना विचारून कळव, असं लिहिलंयस. विचारते. बाप हातातून निसटत चाललाय आणि तुला पाटीवरचे शब्द बिनचूक हवेत.

ताता


असोज ११

न्हुजा,

हे पत्र ऑफिसात उघडू नकोस. घरी ने.

सकाळी गुरुजूंकडे गेले. ओसरीत पोथ्या उन्हाला घालून बसले होते. मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, चौकाचं काम होतंय, फल्च्याला आईच्या नावाची पाटी लागणार आहे, संकल्पाचे शब्द हवेत.

गुरुजू म्हणाले, "पाटी नको लावू."

"का?"

"नको म्हणजे नको. चहा घेणार?"

"चहा नको. का ते सांगा."

"तुझा बाप मला शपथ घालून गेलाय, नानी, पोरी."

मी तिथेच बसले. म्हटलं, बा आता कुत्री उचलून फल्च्यात बसवतायत, पोलिसांपुढे हात जोडतायत, त्यांना वेड लागलंय असं सगळा टोल म्हणायला लागलाय. मी त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे. तुम्हाला काही ठाऊक असेल आणि तुम्ही शपथ कवटाळून बसणार असाल, तर बसा.

त्यांनी पोथीचं पान उलटलं, परत सुलट केलं. मग म्हणाले, "पाटीवर तुझ्या आईचं नाव घातलं तर ते खोटं होईल. फल्चा तिच्या नावाने नाहीच."

न्हुजा, त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"त्या दिवशी तुझे बा हातात पाणी घेऊन बसले. मी विचारलं, कुणाच्या नावाने? मला वाटलं बायकोचं नाव घेतील. ओंजळीतलं पाणी गळून गेलं, मी पुन्हा घातलं. मग म्हणाले, मुलाच्या. मी म्हटलं, अहो, तो तर जिवंत आहे. ते म्हणाले, म्हणून तर. पोराने वर्ष मोडलंय. लोक म्हणतात, आईचं वर्ष मोडणाऱ्याचं आयुष्य उणं होतं. माझ्या तोंडून शब्द गेलाय, मी त्याला घरात घेणार नाही. पण तो मरता कामा नये. इथे जो बसेल त्याचा विसावा त्याच्या आयुष्याला लागू दे. असं करता येतं का? मी म्हटलं, येतं. मग त्यांनी तुझ्या भावाचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. आले ती थेट माडीवर गेले आणि खिडकीशी उभी राहून रडले. चाळिशी उलटलेली बाई, खाली गिऱ्हाईक हाका मारतंय आणि मी पदर तोंडात कोंबून रडतेय.

फल्च्यात तेव्हा एक हमाल होता. कपाट पाठीवरून उतरवून, कपाळावरचा पट्टा सैल करून आडवा झाला होता. बा त्याला हाताने वारा घालत होते. आम्हाला वाटायचं आईची आठवण येते म्हणून करतात. अरे, तो माणूस तीन वर्षं रोज सकाळी तुझं आयुष्य गोळा करायला जातोय. हमालाकडून, भाजीवालीकडून, गोऱ्या पाहुण्यांकडून, जो भेटेल त्याच्याकडून थोडं थोडं. बंदच्या दिवशी कुणीच मिळालं नाही तर कुत्र्याकडून. आणि त्या जागेला गज लावायला निघालाय कोण, तर तूच. हे त्यांना कळलं तेव्हा ते ओरडले का नाहीत, ते आता माझ्या डोक्यात शिरलं. ओरडणार काय? 'तुझ्याच जिवासाठी आहे, नको बंद करू,' असं सांगायचं तर त्याआधी तुला मुलगा म्हणावं लागेल.

तू हे मानत नाहीस, मला माहीत आहे. मी मानते की नाही, मलाही ठाऊक नाही. पण बा मानतात. दसैंनंतर तुझे गज लागले की ते रोज सकाळी उठून तू मरायची वाट बघत बसतील. ते त्यांना झेपणार नाही, न्हुजा. ते टिकायचे नाहीत.

मी तुला सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. गुरुजूंनी शपथ मोडली, कुणाला सांगणार नाही असा त्यांना दिलेला शब्द मी मोडला. आता तुला काय मोडायचंय ते तू बघ.

डॉक्टर नको.

ताता


असोज १९

न्हुजा,

शुक्रवारी सकाळी तुझी तीच दोन माणसं आली. भिंतीवरचा नकाशा काढला, दुसरा लावला. मी चष्मा लावून खाली गेले. फल्च्याला गज नाहीत, साखळी नाही, पाटी नाही. जसा आहे तसा. बांनीही वाचला. पुन्हा वाचला. मग पहिल्यांदा वाचताना वर सरकवलेला चष्मा कपाळावरच विसरून दिवसभर घरात शोधत होते. मी सांगितलं नाही.

आणि काल शनिवार. तुला महिनाभर निरीक्षणं हवी होती ना? हे शेवटचं घे, तुझ्या पद्धतीने लिहिते.

दुपार कलल्यावर एक माणूस म्युझियमच्या दगडी सिंहापाशी येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट. तिकीट काढायला आला म्हणावं तर खिडकीकडे गेला नाही. वाट बघत होता म्हणावं तर घड्याळ बघत नव्हता. सिंहावरची पोरं त्याला म्हणाली, "दादा, सरका ना, फोटो काढायचाय," तेव्हा तो दचकून बाजूला झाला. चौकात माणसं खच्चून भरलेली, सणाची खरेदी, पतंगवाले, चटपटेवाले. एवढ्या गर्दीत मी त्याला पाठीवरून ओळखलं. केस विरळ झालेत.

तो फल्च्याला वळसा घालून आला. मागच्या खांबाला हात लावून बघितला, आर्किटेक्ट बघतात तसा. मग पुढे येऊन उभा राहिला.

बांनी त्याला बघितलं. मी खिडकीची चौकट धरून उभी होते. जो माणूस कुत्र्यामांजरालाही 'बसा' म्हणतो, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ नुसते हलले. आणि मग ते सरकले. भिंतीकडे, इतके की त्यांचा खांदा भिंतीला लागला. शेजारी तीन माणसं बसतील एवढी जागा झाली.

तो उभाच.

अष्टमायाला काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही. मुळ्यांची जुडी बांधताबांधता ती खेकसली, "अहो भाऊ, बसा की! आजु सरकलेत, दिसत नाही का? माझ्या भाजीवर सावली पडतेय तुमची."

मग तू बसलास.

माझे पाय जिन्याकडे निघाले होते, मी त्यांना आवरलं. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतात. समोर म्युझियमचं दार होतं, त्यातून माणसं येत होती, जात होती, तुम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतात. मध्येच एक बाई झोपलेलं पोर घेऊन आली, तिला जागा हवी होती, तर तू बांच्या बाजूला सरकलास. तुमचे गुडघे लागले. बांनी पाय ओढून घेतला नाही. बोललात की नाही, एवढ्या गोंगाटात मला कसं कळणार? मला वाटतं, नाही बोललात. देवळांची सावली फल्च्यापर्यंत आली तेव्हा तू उठलास, हेल्मेट उचललंस, माडीकडे एकदा बघितलंस. मी दिसले असेन, नसेन. दुकानात काही आला नाहीस.

हे कुठल्या रकान्यात घालायचं, ते तुझं तू ठरव.

बा रोजच्यापेक्षा लवकर घरी आले. हात धुतले, ताटावर बसले. मी चिउरा वाढला, आलुतामाचा रस्सा वाढला. जेवले, नीट जेवले, परत मागून घेतलं.

मग म्हणाले, "वाळलाय."

कोण, असं मी विचारलं नाही.

आणखी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "जेवून आला असेल का तो?"

"मला काय ठाऊक, बा?"

"विचारायचं होतंस. एवढी खिडकीत उभी होतीस ती."

म्हणून विचारते आहे. जेवला होतास का?

तुझी ताता